जेलखाली चिरलेलं नख: ठिगळ लावायची रीत

नख बोटापासून सुटून जिथे मोकळं होतं, तिथे कोपऱ्यात पडलेली चीर सगळ्यांत चिवट. डब्याचं झाकण उघडा, सेफ्टी पिन लावा, जोर तिथेच येतो. वरून जेल पॉलिश शाबूत वाटतं, पण नखाचं टोक दाबलं की रंगावर केसाएवढी रेघ उमटते आणि सोडलं की मिटते. ती दिसली की त्याच दिवशी दुरुस्ती करा. चिरेतून पाणी शिरत राहिलं की आजूबाजूचं जेल सुटतं, त्यात केस अडकतात आणि चीर मांसापर्यंत जाते.

रक्त आलंय, ठणकतंय, नखुरडं झालंय, नख खालून सुटलंय किंवा हिरवट डाग दिसतोय, यातलं काहीही असेल तर वर काही चढवू नका. झाकलेल्या ओलाव्यात जंतूंचं फावतं. उभी चीर महिनोन्‌महिने त्याच रेषेत परत पडत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी दोष बहुधा नखाच्या मुळाशी असतो.

चीर दिसली की सगळं जेल अ‍ॅसिटोनने काढून टाकायची घाई होते. ती करू नका. बाकी नखावर पकड घट्ट असेल तर 180 ग्रिटच्या फाइलने (ग्रिटचा आकडा मोठा तेवढी फाइल बारीक) टॉप कोट आणि रंग उतरवा, बेसचा पातळ थर राहू द्या, तोच नखाला सावरतो. चिरेभोवतीचं सुटलेलं जेल मात्र पूर्ण काढायचं, त्याच्या कडेची पांढरट सावली नाहीशी होईपर्यंत. उघड्या नखावर 240 ग्रिटपेक्षा खरखरीत काही नको. अ‍ॅसिटोन लागलंच तर गॅस आणि निरांजनापासून लांब बसा, भिजवलेला कापूस फॉइलमध्ये 10 ते 15 मिनिटं ठेवा, खरवडू नका.

नख आखूड करून पुढे जेमतेम 1 मिमी राखा. भांडी घासून लगेच बसायचं नाही, तासभर थांबा. नख पाणी पितं आणि फुगतं. सुकताना आकसलं की वरचा थर सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि मग नखाला बोट लावू नका.

आता मुख्य काम. नुसत्या ग्लूने किंवा जेलने बुजवलेली चीर नख वाकलं की पुन्हा उघडते, कारण तिच्या दोन कडांना बांधून ठेवणारा धागाच नसतो. म्हणून ठिगळ हवं: नखांसाठी मिळणारा सिल्क रॅप म्हणजे बारीक रेशमी कापड, नाहीतर कोऱ्या टी बॅगचा कागद. आधी नेल ग्लूचा मोहरीएवढा थेंब चिरेत सोडा आणि लाकडी काडीने कडा 20 सेकंद जुळवून धरा. ओलं ग्लू कापसाने टिपू नका. दोन्ही एकत्र आले की चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते. ठिगळ चिरेच्या दोन्ही बाजूंना 2 ते 3 मिमी जाईल एवढं कापा. कोपऱ्यातल्या चिरेला बाहेरच्या बाजूला तेवढी जागा नसते, तिथे मिळेल तेवढंच घ्या. कातडीपासून 1 मिमी अंतर राखा. वरून ग्लू पसरलं की कापड पारदर्शक होतं. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे ग्लू पोचलेलं नाही; तिथूनच ठिगळ उचलतं, तेव्हा आणखी एक थेंब द्या. 5 मिनिटांनी 240 ने कडा सपाट करा आणि चकाकी घालवा, गुळगुळीत ग्लूवर जेल धरत नाही.

त्यावर रबर बेसचा, म्हणजे लवचीक बेस जेलचा, पातळ हात घासून लावा आणि क्युअर करा, म्हणजे लॅम्पमध्ये कडक करा. एलईडी लॅम्पमध्ये साधारण 60 सेकंद लागतात, पण बाटलीवरची वेळ आणि त्याच कंपनीचा लॅम्प हे जास्त महत्त्वाचं. मग बिल्डर जेलचा, म्हणजे जाड थर देणाऱ्या घट्ट जेलचा, थेंब चिरेच्या वर ठेवून सगळीकडे नेऊन मिळवा. बोट 10 सेकंद उलटं धरलं की फुगवटा मधोमध येतो. तो हवाच, सपाट थर त्याच रेषेत तडकतो. लॅम्पमध्ये चटका बसला तर हात बाहेर काढा, थोडं थांबून परत घाला. मग रंगाचे दोन पातळ हात आणि टॉप कोट. रंग आणि टॉप कोट दोन्ही नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही फिरवा.

कातडीवर सांडलेलं जेल लॅम्पच्या आधीच काडीने काढा. तिथून थर सुटतोच, शिवाय कच्चं जेल वारंवार कातडीला लागून त्यातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. युरोपीय संघाने जेल लॅम्पमध्ये कडक व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली आहे, म्हणून बाटलीवरची यादी वाचून घ्या.

हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं. बोटावर 4 मिमी आत गेलेली चीर पुढे यायला दीड महिना लागतो, म्हणजे मध्ये दोन-तीनदा भराई, म्हणजे मुळाशी वाढलेल्या नखावर जेल भरणं, आलीच. दर वेळी ठिगळ पुढे सरकलेलं दिसेल, फुगवटा मागे घ्या. चीर मोकळ्या भागात आली की नेलकटर लावू नका, त्याच्या दाबाने उरलेलं नख फाटतं. फाइलने एकाच दिशेने घासत तिला संपवा.