सहाण

आजोबा गेल्यावर देव काकांकडे गेले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, खंडोबाचा टाक, सगळी मंडळी पितळी डब्यात बसून नाशिकला रवाना झाली. सहाण मात्र मागे राहिली, काकूंकडे आधीच एक होती. ती माझ्या वाट्याला आली. घरातल्या एकुलत्या एका नास्तिकाच्या.

मधोमध चांगली खोलगट झालीये. चंदनासारखं झिजावं म्हणतात. खोडाचं कौतुक सगळ्यांना, सहाणेचं नाव कुणी काढत नाही.

शाळेत असताना पूजेचं गंध उगाळायचं काम माझं. पळीभर पाणी घालायचं, खोड टेकवायचं आणि गोल गोल फिरवत राहायचं. घाई केली की गंध पाणचट व्हायचं. आजोबा बोलायचे नाहीत, नुसते सहाणेकडे बघायचे, की मी पुन्हा खोड उचलायचो. दाट गंध अनामिकेनं बाळकृष्णाला लावताना हळूच सांगून टाकायचो, आज गणिताचा पेपर आहे. तो ऐकतोय याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

शंका कधी शिरली, आठवत नाही. नवस फुकट गेला वगैरे काही नाही. पुण्याला हॉस्टेलवर रामरक्षा आधी रोजची, मग परीक्षेपुरती, मग तीही नाही. पुढे आगरकर वाचले तेव्हा वाटलं, चला, पंगत तरी चांगली मिळाली. पण त्यांचं बरं होतं. देवाविषयी अज्ञेयवादी असलेल्या या माणसानं १८८८ साली ‘सुधारक’ काढला, बालविवाह नि केशवपनावर तुटून पडला, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली तरी हटला नाही. सकाळी उठायला कारण होतं. मी उठतो आणि एक्सेल उघडतो.

देव परत हवाय असं नाही. पण गंध पाणचट झालं तर कुणाला तरी ते खटकायचं, तसं आता काही राहिलेलं नाही. एक्सेल कसंही भरा, महिनाअखेरीस पगार होतोच.

परवा लेकीला खोकला झाला. मधातून चाटवायला म्हणून त्याच सहाणेवर सुंठ उगाळायला बसलो. पाच-सात वेढे झाले असतील.

“झालं का, बाबा?”

सहाण तिरकी करून पाहिली. पाणी भराभर खाली ओघळलं.

“थांब जरा,” म्हटलं, आणि पुन्हा सुंठ टेकवली.