मंदाकिनीची लय

मी तबलजी. कीर्तनं, सुगम संगीताचे कार्यक्रम, डिसेंबरात शाळांची गॅदरिंगं, यावर माझं घर चालतं. मूकपटाला साथ करायचं काम कधी आलं नव्हतं. त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचा फोन आला तेव्हा आधी आमच्या पेटीवाल्या नानांना विचारलं. ते म्हणाले, "कृष्णाचंच आहे ना? मग आपलंच काम. कीर्तनात बुवा बोलतात, इथे बुवा गप्प, एवढंच."

सिनेमा होता दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन'. 1919 सालचा, त्यांच्या नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. कृष्ण झालीय त्यांची मुलगी मंदाकिनी. 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ला तारामती मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवणारे हेच फाळके. सहा वर्षांनी त्यांनी घरच्याच मुलीच्या डोक्यावर मोरपीस चढवलं. नाटकात पुरुष बायका होऊन नाचत होते तो काळ, आणि इथे उलटी गंगा!

तयारी आम्ही नानांच्या मोबाइलवर केली. त्या प्रतीत सगळी माणसं तुरुतुरु पळत होती, म्हणून आमचं नियोजनही तसंच: खोड्यांना चढा केरवा, लोण्याच्या चोरीला लग्गी, म्हणजे हलके चपळ बोल, यशोदेला थोडी धुमाळी, कालियाच्या झुंजीला द्रुत आणि शेवटी दणदणीत तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून संपवायचा तुकडा. नानांनी कागदावर सगळं लिहून घेतलं. कीर्तनात मीच बुवांच्या तोंडाकडे बघत बसतो, कधी काय निघेल सांगता येत नाही. इथे सगळं आधीच ठरलेलं, म्हणून मी निर्धास्त होतो.

सभागृहात पोचलो तर लॅपटॉपवाला मुलगा म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलं. मी स्पीड कमी केलाय." तो सिनेमाचं शिक्षण घेत होता. त्यानं समजावलं ते असं: तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 चौकटी, म्हणजे 16 चित्रं. बोलपट आल्यावर 24 ठरल्या. जुनी फिल्म 24च्या वेगानं चालवली की माणसं बाहुल्यांसारखी उड्या मारतात. हजार फुटांचं रीळ 16नं साडेसोळा मिनिटांहून थोडं जास्त पुरतं, 24नं अकरा मिनिटांत संपतं. म्हणजे आमचा सिनेमा एकदम दीडपट झाला होता. माणसं सतरंज्यांवर बसू लागली होती. पुढे पोरं, मागे भजनी मंडळातल्या बायका, खुर्च्यांवर पुरुष. नानांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाले, "बघत बघत वाजवू."

सिनेमाची सुरुवातच अजब आहे. आधी पाटी येते: सात वर्षांच्या मुलीनं केलेला मुद्राभिनयाचा अभ्यास. मग पडदाभर मंदाकिनीचा चेहरा. ना मुकुट, ना बासरी, साधी मुलगी. एकामागून एक भाव बदलत जातात आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. मोबाइलवर हा भाग आम्ही पेटीच्या दोन आलापांत उरकला होता. आता तो सरेचना. पण त्या वेगात एक भाव चेहऱ्यावर येताना, ठरताना आणि दुसऱ्याला जागा देताना दिसत होता. तिला घाई नव्हती. मी डग्ग्यावर नुसता हात ठेवून बसलो. नाना एकच सूर धरून होते, ती बदलली की तेही बदलत. पुढची पोरं तिच्याबरोबर तोंडं करायला लागली.

मग खोड्या सुरू झाल्या. रात्री कृष्ण एका शेठजीच्या शयनगृहात शिरतो आणि झोपलेल्या शेठजीची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. शंभर वर्षांपूर्वीचा विनोद, आणि हॉल नुसता फुटला. मी तिथे जोरकस केरवा ठरवला होता. वाजवला फक्त तिच्या बोटांबरोबर. गाठ मारताना "ति-र-कि-ट", थांबली की थांबायचं, तिनं मान वळवली की एक टिचकी. तिचं अंग लयीत होतं. लहान मुलं कॅमेऱ्यासमोर बहुधा कोणाला तरी दाखवण्यासाठी काम करतात. ही मुलगी खोडी काढण्यात रमलेली दिसते. पलीकडे बापच उभा होता, म्हणून असेल.

झुंजीची मला धास्ती होती. कालिया उघडउघड बनावटी आहे, आजचं पोर हसणारच. पण फाळक्यांनी इथे नुसता नाग दाखवलेला नाही. पाण्याखाली कृष्ण आणि काठावर यशोदा, असं आलटून पालटून येत राहतं. ती आकांत करतेय, उडी घ्यायला निघालीय, लोक तिला धरून ठेवतायत. न ठरवता आमची वाटणी झाली. पाण्याखालचं माझं, काठावरचं नानांचं. डग्ग्याची घुमारी थांबली की पेटी रडायची, पेटी थांबली की मी. तेवढ्यात मागून एक आजी खणखणीत आवाजात ओरडल्या, "अगं, धरा गं तिला! उडी घेईल ती!" कोणी हसलं नाही. शेजारच्या बाईनं त्यांचा हात धरला. या आजींनी घरात टीव्हीवर कृष्णाच्या किती मालिका पाहिल्या असतील.

फाळक्यांच्याच 'लंका दहन'च्या वेळी पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक दंडवत घालत, असं सांगतात. मला ती नेहमी भोळ्या लोकांची गोष्ट वाटायची. पण या आजी भोळ्या नव्हत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या वाचनालयाच्या हिशेबावरून सचिवांना फैलावर घेत होत्या.

कृष्ण फण्यावर उभा राहिला तेव्हा नानांनी अभंगाची चाल धरली आणि बायकांनी आपापल्या टाळ्यांचा ठेका दिला. माझी तिहाई त्या ठेक्यातच कुठेतरी जिरली.

नंतर चहा घेताना लॅपटॉपवाला मुलगा खूश होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी खेळ करायचा म्हणाला. "फक्त सुरुवातीचा तो मुद्राभिनयाचा भाग काढतो, दादा. गोष्टीचा नाही ना तो. ही मुलगी आहे हे आधीच कळलं, की कृष्ण कसा वाटेल?"

मी म्हटलं, आजींना विचार. त्यांनी सगळं पाहिलं होतं: मुलगी, तिचं तोंड वेंगाडणं, तिचा कृष्ण होणं. त्यानंतरही त्या ओरडल्या. फाळक्यांनी जादू कशी करतात ते आधी दाखवलं आणि मग केली, एवढी हिंमत किती जणांत असते? बोलपट आले आणि फाळके मागे पडले, त्यांच्या बऱ्याच फिल्म्स नाहीशा झाल्या. या मुलीचा चेहरा उरलाय, तर तोच कापायचा?

"पण वेळ जातो हो त्यात," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी दुसरा तबलजी बघ," मी म्हटलं.

नाना बशीतला चहा संपवत म्हणाले, "आणि पेटीवालाही."