लॉग ३: वीस रुपयाचा माइक, पाकोळ्या आणि चार्जरनं केलेला पोपट

आपल्या कानाला ऐकू न येणारे उंच आवाज, म्हणजे वटवाघळांचे वगैरे, स्वस्तात पकडायचा खटाटोप चाललाय. मागच्या खेपेला मोबाइलवर अडकलेलो. स्पेक्ट्रोग्रामच्या (आवाजातले सूर चित्रात दाखवणाऱ्या) अ‍ॅपमधे २४ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळंकुट्ट, मला वाटलं माइकच बहिरा. तसं नसतंय. फोन सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेतो, त्याच्या निम्म्यापर्यंतच दिसणार, आणि वरचं जे काय येईल ते फिल्टर आधीच कापून टाकतो. एका अ‍ॅपमधे ९६ हजारचा ऑप्शन सापडला, खूश होऊन लावला तर फाइल दुप्पट आणि वर काळंच, म्हणजे ४८ मधेच पाणी घालून ९६ म्हणून देत होता. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर असं कोण केलं असतं तर मार खाल्ला असता.

मग राजारामपुरीतनं साधी इलेक्ट्रेट कॅप्सूल (बारका सुटा माइक) आणली, ९ व्होल्टची बॅटरी, १० के चा रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, बास. मित्र हलगी रेकॉर्ड करतो त्याचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला देणारा डबा), सेकंदाला १९२ हजार सॅम्पलवाला, दोन दिवसाच्या बोलीवर आणला (आज बारावा दिवस). चाव्यांचा जुडगा हलवला आणि पार ५० च्या वर पट्टे उठले!! आपल्याला नुसतं छनछन, वर केवढं चाललेलं असतं. मग एचसी-एसआर०४, म्हणजे आवाजानं अंतर मोजायचा सेन्सर, समोर धरला, तो ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके सोडतो, बारीक पण स्वच्छ दिसले. गंमत म्हणजे कॅप्सूल जरा तिरकी केली की सिग्नल पडतो. ४० ला तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास आणि माझी कॅप्सूल पावणेदहाची, म्हणजे तरंगापेक्षा मोठी, त्यामुळं नेम धरूनच बसायचं.

आता पोपट. रात्री गॅलरीत ३३ ला एक सरळ रेघ, हलायचं नाव नाही. वटवाघूळ म्हणून दोन ग्रुपवर टाकली पण. मग लॅपटॉपचा चार्जर काढला आणि रेघ गायब. वटवाघूळ असं तासभर एकाच सुरात ओरडत नाही हो, एवढं तरी सुचायला पाहिजे होतं.

रविवारी रंकाळ्यावर गेलो, शालिनी पॅलेसच्या बाजूला, चार्जर घरी ठेवून नुसत्या बॅटरीवर. झाडाला उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं यात कामाची नाहीत, ती डोळ्यानं आणि वासानं वाट काढतात. आपल्याला पाहिजेत त्या पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी बारकी वटवाघळं. सव्वासातला दिव्याखाली एक घिरट्या घालायला लागली आणि स्क्रीनवर वरनं खाली घसरणाऱ्या रेघा, ४५ च्या आसपास टेकणाऱ्या, सेकंदाला नऊ-दहा. मधेच त्या एकदम दाट झाल्या, म्हणजे किडा गावला वाटतं. घरी येऊन ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधे दहापट हळू करून वाजवलं तर चिक् चिक् चिक् चिर्रर्र. आई म्हणाली पाल आली काय रे.

रेंज मात्र कमीच, ४० च्या पुढं हवाच आवाज खाते, दर मीटरला डेसिबलभर तरी जातंय. शिवाय कॅप्सूलचा स्वतःचा सूं आवाज आहेच. वारं लागतं म्हणून स्पंज लावला तर पाकोळ्याच गायब झाल्या, स्पंजनं वरचं सगळं गिळलं. स्पंज काढून टाकलाय. आता मेम्स माइक (चिपवरचा इवलासा माइक) मागवलाय, त्याचा रेझोनन्स, म्हणजे ज्या सुराला तो जास्त थरथरतो तो, २० च्या पुढं असतोय, तेवढा फायदा मिळतोय का बघू. तोवर इंटरफेस परत मागू नको म्हणून मित्राला भेळ चारून आलोय.