सतरा-सतरावर हात आखडायचा

मी लहान वयाच्या बॅडमिंटनपटूंना शिकवते. पंधरा वर्षांखालच्या गटातली एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा खेळ बरोबरीच्या बहुतेकींपेक्षा उजवा होता. सामने मात्र हातचे जायचे. एकवीस गुणांच्या गेममध्ये अकरा गुणांवरच्या ब्रेकला आघाडी तिची, आणि सतरा-सतरा झाले की ती नुसते शटल परत टाकत राहायची. लिफ्ट, म्हणजे नेटजवळून उंच मागे टाकायचे शटल, अर्ध्यातच पडायची. विचारले तर म्हणाली, "मॅडम, हात आखडतो."

बरे झाले, तिने नुसते "भीती वाटते" म्हटले नाही. दडपण आले की पकड नकळत घट्ट होते, मनगट फिरत नाही आणि नेटजवळचे नाजूक फटके बिघडतात. म्हणजे सुरुवात कुठून करायची ते कळले.

घरचे तिला सारखे "तुला जमेल, घाबरू नकोस" म्हणायचे. अगदी मनापासून. पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली लिहिले होते की 'मला हे जमेल' हा विश्वास मुख्यतः चार गोष्टींतून येतो: स्वतः करून पाहिलेले, दुसऱ्याला करताना पाहिलेले, इतरांनी दिलेला धीर आणि स्वतःच्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात बळकट पहिली. धीर तिला भरपूर मिळत होता. सतरा-सतरावरून गेम काढल्याच्या आठवणीच तिच्याकडे नव्हत्या.

मग सरावातले गेम शून्यावरून सुरू करणे आम्ही जवळजवळ बंद केले. सतरा-सतरा, कधी ती सतरा आणि समोरची एकोणीस. बाकीची मुले कडेला उभी राहून आरडाओरडा करणार. सुरुवातीला मी मुद्दाम जरा कच्चे प्रतिस्पर्धी दिले, कारण रोजच हरली असती तर हरण्याचाच सराव झाला असता. जिंकू लागली तसे समोरचे बदलत गेले.

दोन गुणांमधल्या क्षणांसाठी एक क्रम बसवला. नेटकडे पाठ, रॅकेटच्या तारा सरळ करायच्या, लांब श्वास सोडायचा, बोटे सैल, आणि सर्व्हिस कुठे टाकायची एवढेच ठरवायचे. नियमांनुसार खेळ सलग चालावा लागतो, कुणी रेंगाळले तर पंच खपवून घेत नाहीत. म्हणून हे सगळे काही सेकंदांत उरकण्याचाही सराव करावा लागला. कंटाळवाणे काम आहे. मुलांना स्मॅश मारायचे असतात.

त्याहून अवघड होते तिच्या वडिलांचे कपाळ. प्रत्येक चुकीला त्यांचा हात तिथे जायचा, आणि गुण गेला की मुलीची नजर आधी गॅलरीत. ठरले असे की त्यांनी सामना संपेपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे. हसू नका, त्यांना ते फार जड गेले. परतीच्या वाटेवर सामन्याचा विषय बंद; चुकांची चर्चा पुढच्या सरावात, तीही आधी तिने बोलायचे.

मध्येच तिची झोप उडाली, सामन्याच्या आदल्या रात्री पोट दुखू लागले. हे माझ्या आवाक्यातले नव्हते. मी क्रीडा मानसशास्त्रज्ञाकडे जायला सांगितले आणि एक स्पर्धा सोडायला लावली. "पळपुटी होईल," असे घरात म्हणाले. मी त्यांना जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचे सांगितले: टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीतून तिने २०२१ मध्ये माघार घेतली, हवेत शरीराचे भानच सुटत होते, २०२४ च्या पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. वडील गप्प बसले. पटले असेलच असे नाही.

हात तिचा अजूनही आखडतो. आता ते तिला स्वतःला कळते, आणि ती थांबून बोटे सोडते. काही सामने काढते, काही जातात. सध्या तिचा धाकटा भाऊ सरावाला येतो आणि त्याचे दुखणे नेमके उलटे आहे, आघाडी मिळाली की गडी सैल. त्याचे गेम आम्ही अठरा-दहापासून सुरू करतो.