पणजी ते पाळोळे, आणि नाळेतली साखळी

डिसेंबरात मी आणि माझा मेव्हणा आमच्या २८ फुटी शिडाच्या होडीने पणजीहून पाळोळेला जाऊन आलो. अंतर पस्तीसेक सागरी मैल. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर निघायचं, दुपारी समुद्रावरून वायव्येचा खारा वारा भरला की दक्षिणेला सुटायचं. थंडीच्या दिवसांत हे गणित सहसा जमतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते नाळेतल्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकातल्या, नांगराच्या साखळीबद्दल.

पहिल्या संध्याकाळी बोगमाळोला नांगर सोडला. दहाएक मीटर साखळी खडखडत गेली आणि अडकली. मुरगावच्या टोकाशी होडी बरीच उसळली होती. तेव्हाच नाळेत साखळी ठेवायच्या कप्प्यातला ढीग कोसळला आणि वरचे फेर खालच्यांत गुंतले. मेव्हणा थेट कप्प्यात हात घालायला निघाला, त्याला मी ओरडून थांबवलं. ताणलेली साखळी अचानक सुटली तर बोटं जातात. आधी बाहेरची साखळी दोराने क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, बांधून घ्या, मगच गुंता सोडवा. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो.

डेकवरून कप्प्यात उतरणाऱ्या नळीतून पडणारी साखळी शंकूसारखी रचत जाते. कप्पा उथळ असला की शेंडा नळीच्या तोंडाला टेकतो, आणि होडी कलली की ढीग आडवा होतो. कप्पा खोल आणि अरुंद हवा. सगळी साखळी आत असताना शेंड्याच्या वर वीतभर तरी मोकळी जागा राहायला हवी. परत आल्यावर आम्ही जाड प्लास्टिकचा पाइप टाकून साखळी पुढच्या बिछान्याखाली, तळाशी उतरवली. वजन मागे आणि खाली आल्यामुळे नाळ आता लाटेत कमी बुडते. हा बदल आधीच करायला हवा होता.

होडी घेतली तेव्हा तिच्यात १० मिमीची ५० मीटर साखळी होती, म्हणजे नाळेच्या टोकावर जवळजवळ ११५ किलो. ती काढून ८ मिमीची ४० मीटर घेतली, साधारण ५६ किलो, आणि पुढे ३० मीटर नायलॉनचा दोर जोडला. जाड साखळीच्या वजनाने नांगर धरून राहतो असं पुष्कळ जण मानतात. पण जोराचा वारा सुटला की ८ काय, १० मिमीची साखळीही ताठ होते, आणि मग नांगरावरची ओढ आडवी ठेवते ती लांबी. म्हणून एवढ्या होडीला मी जाडीपेक्षा लांबी निवडेन.

लांबी मोजताना भरती विसरू नका. बोगमाळोला ओहोटीला ४ मीटर पाणी होतं. भरतीचे २ आणि पाण्यापासून नाळेपर्यंतचा १ धरला की ७. त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी. नुसते ४ धरून २० सोडली असती, तर मध्यरात्री भरतीला नांगर घसरला असता.

विकत घेताना आखूड कड्यांची, मापाची गॅल्व्हनाइज्ड साखळीच घ्या, आणि विंडलासच्या, म्हणजे नांगर ओढायच्या रहाटाच्या, दातेरी चाकावर तुकडा बसवून बघा. चकाकते म्हणून स्टेनलेस घेऊ नका. खाडीच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथे ते आतून खड्डे पडून कुजतं. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची (U आकाराच्या कडीची) खीळ तारेने बांधा. साखळीचं शेवटचं टोक होडीला दोरानेच बांधा, आणि तो दोर डेकवर येईल इतका लांब ठेवा. सगळं सोडून पळायची वेळ आली, तर सुरीने कापता येतो.

मांडवीतून निघताना साखळी चिखलासकट आत घेऊ नका, बादलीने धुऊन घ्या. आम्ही कंटाळा केला आणि दोन दिवस झोपायच्या जागेत कुबट वास होता.

पाळोळेला काणकोण बेटाच्या आडोशाला वाळूवर नांगर छान धरतो, पण थोडं बाहेरच थांबा. पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात का, ते आदल्या संध्याकाळी तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्या. आम्ही विचारलं, त्यांनी हाताने जागा दाखवली, आणि तिथे चाळीसही मीटर साखळी न अडखळता गेली, कारण सकाळीच ती सगळी डेकवर काढून पुन्हा हाताने रचली होती.