तुम्ही विचारलंत म्हणून: भिंती मातीच्या बांधायच्या का?

वाळवंटात घर बांधायला निघालेली माणसं माझ्याकडे आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “मातीच्या जाड भिंती बांधल्या की एसी लागणार नाही ना?” जुन्या मातीच्या घरात भर दुपारी शिरल्यावर जाणवलेला गारवा त्यांच्या मनात असतो. तो गारवा खराच आहे. पण त्याचं सगळं श्रेय भिंतीला दिलं की घर फसतं. मी आखलेलं एक घर असंच फसलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या घराच्या भिंती मी मातीच्या आणि 30 सेंटीमीटर जाड घेतल्या होत्या. दुपारी आत छान वाटायचं. पहिल्याच उन्हाळ्यात तिथे राहणाऱ्या कुटुंबाने मला एका रात्रीसाठी मुक्कामाला बोलावलं. रात्री एकच्या सुमाराला अंगणात चांगली झुळूक होती, चादर घ्यावीशी वाटत होती. आत येऊन झोपायच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवला, तर ती नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी गरम. खोलीला खिडकी एकच, तीही वाऱ्याच्या आड. घरातलं लहान मूल फरशीवर उघडंच झोपलं होतं. ती रात्र मी विसरलेले नाही.

झालं होतं ते असं. जाड भिंत उष्णता अडवत नाही, लांबणीवर टाकते. 30 सेंटीमीटर मातीतून बाहेरची धग आत पोचायला साधारण 8 ते 10 तास लागतात. दुपारी चारचं ऊन मध्यरात्रीनंतर आत उतरतं. त्या वेळी ते बाहेर घालवायची सोय असेल तर भिंत सकाळपर्यंत पुन्हा गार होते आणि दुसऱ्या दिवसाचं ऊन झेलायला तयार राहते. सोय नसेल तर रोजची थोडी थोडी शिल्लक साठत जाते आणि आठवड्याभरात घराची भट्टी होते. मग ती माती असो, दगड असो की काँक्रीट.

म्हणून मी आता भिंतीच्या आधी रात्रीचा विचार करते. वाळवंटाकडे खरी श्रीमंती आहे ती रात्रीचीच. हवा कोरडी, ढग नाहीत, त्यामुळे जमिनीने आणि छपरांनी दिवसभर घेतलेली उष्णता थेट आकाशात निघून जाते. दिवस आणि रात्र यांत 15 ते 20 अंशांचा फरक पडतो. इराणमध्ये जुन्या काळी लोक उघड्या आकाशाखाली उथळ हौदांत पाणी पसरून थंडीच्या दिवसांत बर्फ धरायचे, हवा शून्याच्या थोडी वर असतानाही. निरभ्र आकाश इतकं ओढून घेतं. तो बर्फ यखचालमध्ये, म्हणजे जाड मातीच्या घुमटाखाली, उन्हाळ्यासाठी साठवत. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती त्या घुमटाच्या आराखड्याकडे बघत बसले होते.

खोलीला समोरासमोर दोन वाटा हव्यात, एक खाली आणि एक छताजवळ. गरम हवा वरून जाते, गार खालून येते. सूर्य मावळला की सगळं उघडायचं, उगवला की घट्ट मिटायचं. दमट किनाऱ्यावर वाढलेल्या माणसांना हे पटवायला वेळ लागतो, कारण तिकडे दिवसभर हवा खेळती ठेवण्यातच सुख असतं. इथे बाहेर 42 अंश असताना खिडकी उघडी ठेवणं म्हणजे ती धग आत बोलावणं. आणि एक अगदी साधी गोष्ट: चोराची भीती किंवा धुळीचा त्रास असेल तर रात्री कोणी खिडकी उघडणार नाही. मजबूत गज, बारीक जाळी आणि आतून सहज लागणारी झडप यांचं चित्र मी सगळ्यात आधी काढते.

झोपायची खोली वेगळ्या हिशेबाने बांधावी. दिवसा वावरायच्या खोल्यांना जड भिंती, झोपायच्या खोलीला हलक्या आणि लवकर निवणाऱ्या, शक्यतो वरच्या मजल्यावर. इराणच्या याज़्द शहरातल्या जुन्या घरांत चौकाच्या एका अंगाला उन्हाळी खोल्या आणि समोर हिवाळी खोल्या असत. माणसं ऋतूप्रमाणे घरातल्या घरात मुक्काम हलवत. याज़्द म्हटलं की सगळे वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांबद्दल विचारतात. तिथल्या दौलताबाद बागेतला मनोरा सुमारे 33 मीटर उंच आहे, देखणाही आहे. पण तुमच्या घरावर त्याची छोटी नक्कल उभारण्याआधी छप्पर बघा.

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि सगळ्यात जास्त ऊन छपरावर पडतं. उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर घाला, खाली नको. म्हणजे स्लॅब स्वतः उन्हापासून वाचतो. त्यावर चुन्याची पांढरी सफेदी. चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण घेतलेली उष्णता आकाशाकडे नीट सोडत नाही. चुना दोन्ही कामं करतो. पश्चिमेला खिडकी शक्यतो नकोच, कारण संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जाला जुमानत नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेला मात्र छोटा छज्जाही उन्हाळ्याचं ऊन अडवतो आणि हिवाळ्याचं आत घेतो.

कूलर? कोरड्या हवेत तो फार चांगला चालतो. 42 अंशांची आणि 15 टक्के आर्द्रतेची हवा त्यातून 26च्या आसपास येऊ शकते. पण त्याला पाणी लागतं, आणि पाणी जिथे मोजून वापरायचं तिथे मी तो शेवटी धरते.

आता मूळ प्रश्न. माती घ्या, जरूर घ्या. ती भाजावी लागत नाही. सिमेंटसाठी भट्टी 1,450 अंशांपर्यंत तापवावी लागते. इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फती यांनी 1940च्या दशकात लक्झरजवळ न्यू गुर्ना हे गाव उभं केलं ते मातीच्या कच्च्या विटांत, आणि कमानदार छतं लाकडी आधाराशिवाय बांधली. ही कला त्यांना इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नूबियातल्या गवंड्यांकडून मिळाली. जवळच रामेसियम मंदिराच्या कोठारांच्या तशाच कमानी 3,200 वर्षं उभ्या आहेत. जागेवरची माती चांगली असेल आणि ती ओळखणारा गवंडी असेल, तर मला दुसरं काही सुचवायचं नसतं. गवंडी नसेल तर हट्ट धरू नका. विटांच्या घरालाही रात्र तितकीच उपयोगी पडते.

त्या फसलेल्या घरात आम्ही पुढे दोन कामं केली. पश्चिमेच्या भिंतीबाहेर हातभर अंतर सोडून बांबूची ताटी उभी केली आणि समोरच्या भिंतीत छताजवळ दोन झरोके फोडले, दोरीने उघडणारे. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा मुक्कामाला गेले. रात्री एक वाजता शिडीवर चढून कागदाची पट्टी झरोक्याजवळ धरली. ती बाहेरच्या बाजूला ताणून फडफडत राहिली, आणि खाली मूल पांघरूण घेऊन झोपलं होतं.