वाटीतले बदाम, काट्यावरचे बदाम

थंडी पडली की माझ्याकडे डिंकाच्या लाडवांच्या ऑर्डरी सुरू होतात. कृती मावशीची, आणि मावशीचं सगळं माप वाटीत. दोन वाट्या बदाम, वाटीभर अक्रोड, तूप 'लागेल तसं'. दुकानदार मात्र ग्रॅममध्ये देतो आणि गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतं. मग वाटीचे ग्रॅम करणं आलंच.

आधी वाटी केवढी आहे ते बघायचं. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम, तेवढे मिली. मावशीची वाटी १५० मिलीची निघाली. नेटवरच्या कृतींतला कप वेगळाच असतो: अमेरिकेतला साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा.

अख्खे बदाम मिलीला ०.६ ग्रॅम धरते. म्हणजे मावशीच्या वाटीत ९०, अमेरिकन कपात १४०च्या आसपास. शेंगदाण्यांचंही जवळपास तेच, काजू किंचित कमी. अक्रोडाचे अर्धे मगज मात्र कपात जेमतेम १०० ग्रॅम.

खरी गंमत सुरी चालवल्यावर. बदामाचे पातळ काप केले की तोच कप ९० ग्रॅमवर येतो, कारण काप आडवेतिडवे पडतात आणि मधे हवा राहते. अक्रोडाचं नेमकं उलटं! अख्खा मगज वेडावाकडा, त्याच्या आजूबाजूला भरपूर पोकळी. चिरला की बारीक तुकडे त्या फटींत शिरतात आणि कपात ११५-१२० ग्रॅम मावतात. म्हणून मावशीला फोन करून विचारलं, बदाम आधी मोजतेस की कापून?

"अगं, अख्खे! कापल्यावर कोण मोजत बसतं?"

बरं झालं विचारलं. दोन वाट्यांमागे साठ-एक ग्रॅमचा फरक पडला असता, आणि बदामाचे भाव तुम्हाला माहीतच आहेत.

पुडीचा तर काही भरवसाच नाही. बदामाची पूड हलक्या हाताने भरली तर कपात ९५ ग्रॅम. तोच कप ओट्यावर दोनदा आपटा, पूड खाली बसते आणि वर आणखी चमचे मावतात. त्यामुळे काजूकतलीला मी काजू दळायच्या आधीच वजन करून घेते. तिथे साखरेचं प्रमाण हललं की वडी एकतर चिकट राहते नाहीतर भुगा होते.

आणि कतलीसाठी अख्खे ३२० नंबरचे काजू घेऊ नका. तो नंबर म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० काजू बसतात एवढंच. पाकळी किंवा तुकडा घ्या, स्वस्त पडतो. दळायचेच तर आहेत.